तीन तासांवरचं गुवाहाटी

"गायधनी सर हैं क्या?" फोनवर एक मुलगी हिंदीत विचारत होती.

"हैं, पर मांडववाले से झगड़ा चल रहा है," मी म्हणाले. "आप कौन?"

"मैं जोनाली. गुवाहाटी से."

मी रिसीव्हर घट्ट धरला. मागे आई आणि कुसुमआत्या रुखवताच्या टोपल्यांना रंगीत कागद लावत बसल्या होत्या. कागद पुरणार की नाही यावरून त्यांचं सकाळपासून बिनसलं होतं. माझं लग्न परवावर आलं होतं आणि आमच्या सिन्नरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती.

"दिगंबरजी की बेटी हूँ मैं," ती म्हणाली. "पिताजी आज सुबह नहीं रहे. हार्ट अटैक. भाई दिल्ली से कल सुबह पहुँचेगा, दोपहर को ले जाएँगे. आने के लिए नहीं कह रही हूँ. बहुत दूर है, मालूम है. बस खबर देनी थी."

"हमारा नंबर कैसे मिला?" असल्या वेळी माणूस नको तेच विचारतं.

"उनको ज़बानी याद था."

तिनं फोन ठेवला तरी मी तशीच उभी होते. दिगूकाका हा आमच्या घरातला न बोलायचा विषय. बाबांचा सख्खा मोठा भाऊ. रेल्वेत लागला, बदली होऊन गुवाहाटीला गेला आणि तिथल्याच एका असमिया मुलीशी लग्न करून मोकळा झाला. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या आजोबांनी, म्हणजे दादांनी, घरातल्या सगळ्यांना परसात उभं केलं आणि मयताहून आल्यासारखी अंगावरच्या कपड्यांनिशी थंड पाण्यानं आंघोळ करायला लावली. दिगू मेला असं जाहीर केलं. त्यानंतर त्याचं नाव घ्यायचं नाही. मी तेव्हा जन्मायची होते. हे सगळं मला आत्याकडून तुकड्यातुकड्यानं कळलं होतं.

"बाबांनीसुद्धा केली आंघोळ?" मी एकदा तिला विचारलं होतं.

"केली तर. माझ्या शेजारीच उभा होता."

"अठ्ठावीस वर्षांचा माणूस मुकाट्यानं पाणी ओतून घेतो?"

"तू तुझा आजोबा म्हातारा झाल्यावर पाहिलास," आत्या म्हणाली होती आणि उठून गेली होती.

पुढे दादा गेले. आता तरी बाबांना कुणी अडवणारं नव्हतं. पण बाबांनी काकाला तार केली ती चौथ्या दिवशी. तिकडून यायला तीन दिवस लागतात, तोवर इथलं बरंचसं उरकलेलं असेल, मग कशाला त्याची धावपळ, असा त्यांचा हिशेब. बाबा शाळेत भूगोल शिकवत. सगळ्या जगातली अंतरं त्यांच्या जिभेवर असायची. गुवाहाटीचा विषय आईनं चुकून काढला की ते सांगत, "नाशिकरोडहून दोन हजार सातशे किलोमीटर. गाडी वेळेवर धावली तर. जाऊन येऊन आठवडा मोडतो." एवढं बोलले की विषय संपायचा. काका तिकडून आला नाही आणि बाबा इकडून गेले नाहीत. बत्तीस वर्षं.

"कोणाचा फोन गं?" आत्यानं विचारलं.

मी सांगितलं. आईच्या हातातून कात्री पडली. आत्यानं हातातल्या टोपलीला कागदाची गाठ मारली, उठली, आम्हा दोघींना कोठीच्या खोलीत घातलं आणि दार लोटलं.

"मन्याला सांगायचं नाही," ती म्हणाली. मन्या म्हणजे माझे बाबा. "उद्या सकाळी देवक बसू दे. मग सांगू."

घरचं कार्य ज्यांना माहीत आहे त्यांना ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. लग्नाच्या आदल्या दिवशी देवक बसतं, देवांना आणि पूर्वजांना आवतण जातं. एकदा ते बसलं की मग कुणी गेलं तरी लग्नाला सुतक आडवं येत नाही. पण त्याआधी सख्खा काका गेल्याचं कळलं तर दहा दिवस सुतक आणि लग्न बंद. आमचं देवक बसायला एक रात्र मधे होती.

"अहो, सख्खा भाऊ आहे," आई कशीबशी म्हणाली. "त्यांना न सांगता..."

"मग सांग. आणि मोड पोरीचं लग्न."

माझं लग्न ठरवणं हा आमच्याकडे सहा वर्षं चाललेला उद्योग होता. मी तिशीची झाले होते, बँकेत नोकरीला होते, आणि कांदेपोहे करून करून आईचा हात त्यात इतका बसला होता की पाहुणे मला नाकारायचे पण पोह्यांची कृती विचारून घ्यायचे. शेवटी निरंजन जहागीरदार आला. नाशिकचा, दोह्याला नोकरी. तो मला आवडला होता, अगदी मनापासून. रोज संध्याकाळी तिकडून फोन करायचा आणि मी दिवसभर त्याला सांगायच्या गोष्टी साठवून ठेवायचे. जेमतेम दोन आठवड्यांच्या रजेवर तो आला होता. लग्न, चार दिवस इकडे तिकडे, की लगेच विमान. माझंसुद्धा तिकीट काढून झालं होतं. म्हणजे सुतक पाळायचं तर त्याची रजाच संपत होती.

कोठीचं दार उघडून बाबा आत आले. "सगळ्या इथे काय करताय? त्या बांबूवाल्याला सकाळपासून चहा नाही. फोन कोणाचा होता?"

"गिरणीवाल्याचा," आत्या म्हणाली. "दळण तयार आहे म्हणून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काहीच लपत नाही, ही माझी जुनी अडचण.

"गुवाहाटीहून होता," मी म्हणाले.

ते गव्हाच्या पोत्यावर बसले. "गेला?"

"आज सकाळी."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. मग उठले आणि बाहेर जाऊन त्या बांबूवाल्याला स्वतः चहा देऊन आले.

आत्या हार मानणारी नव्हती. तिनं भानुगुरुजींना फोन लावला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि उलट विचारलं, तुमच्या वडिलांनी त्याच्या नावानं आंघोळ केली होती ना? मग तो ह्या कुळातून तेव्हाच गेला. जो आधीच गेला त्याचं आज परत सुतक कसं? लग्न बिनदिक्कत करा.

आत्यानं फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. आईनं देवाला हात जोडले. मलाही हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, निरंजनच्या रजेचा हिशेब माझ्या डोक्यात केव्हापासून गरगरत होता, तो थांबला.

"फक्त एक आहे मन्या," आत्या बाबांना म्हणाली. "यजमान तू. तुझ्या मनात शंका नको. तू गुरुजींना एकदा स्वतः सांगायचं, दिगंबर आमचा कुणी नाही, आम्हाला सुतक नाही. संध्याकाळी सातला फोन करतील. एका वाक्याचं काम."

"सांगतो," बाबा म्हणाले.

तो दिवस मी विसरणार नाही. बाबा एका जागी टेकले म्हणून नाहीत. मांडवात जायचे, घातलेल्या खुर्च्या उगाच सरकवायचे, परत आत यायचे. टाकीत पाणी किती आहे ते दोनदा चढून पाहिलं. फाटकापर्यंत जायचे, तिथे उभे राहून रस्त्याकडे बघायचे, कोणी येणार असल्यासारखं. जेवायला बसले आणि वरणभात कालवून तसाच ठेवून उठले. आई त्यांच्या मागे मागे. "अहो, जरा पडा तरी." "पडतो," म्हणायचे आणि पुन्हा फाटकाकडे. मीही त्यांच्याकडे बघत घरभर फिरत होते. नव्या साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होते. निरंजनचा फोन आला तो मी दोन मिनिटांत आटोपला आणि घरात गडबड आहे म्हणून सांगितलं, ते काही फारसं खोटं नव्हतं.

चारच्या सुमाराला बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "सुनू, तुझं विमानाचं तिकीट काढणारा तो कोण?"

"मुश्ताकभाई. नाशिकचे."

"त्याला जरा विचार."

"काय विचारू?"

ते दाराच्या कडीशी खेळत राहिले. "तिकडे जायला किती वेळ लागतो ते."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. मुश्ताकभाईंना वाटलं मी दोह्याचंच काही विचारतेय. गुवाहाटी म्हटल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरच्या बटणांचा आवाज आला. "आहे ना ताई. मुंबईहून पहाटेचं आहे. सहाला उडतं, नऊच्या सुमाराला उतरतं. दोन सीट दिसतायत. पण साडेसातपर्यंत सांगा, माझं दुकान बंद होतं."

"तीन तास," मी बाबांना सांगितलं.

"मधे कुठे बदलायचं?"

"कुठे नाही. थेट."

"तीन तास?" बाबा म्हणाले. "सिन्नरहून मुंबईला जायलाच आपल्याला चार लागतात."

"हो."

"नीट विचारलंस? गुवाहाटीच ना?"

"गुवाहाटीच, बाबा."

ते माझ्या पलंगाच्या कडेला, साड्यांच्या ढिगाशेजारी बसले. जन्मभर पोरांना नकाशे शिकवलेला माणूस. त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावेत. मला त्यांचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं विमानं काय आपल्या डोक्यावरून जात नव्हती, असं विचारावंसं वाटलं. पण त्यांच्याकडे बघून विचारायचं राहून गेलं.

"मी नेहमी रेल्वेनंच धरत आलो," ते म्हणाले. मग उठले. "असो. तुझं लग्न पार पडलं की मी जाऊन येईन. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"लग्नानंतर तिथे काय असेल?"

"त्याची बायको असेल. मुलं असतील." आणि ते पुन्हा फाटकाकडे गेले.

सातला फोन वाजला. आई देवघराच्या उंबऱ्यात, आत्या स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात घेऊन. आत चिरोटे तळायचं काम चाललेलं. मी फोनच्या शेजारी. बाबांनी रिसीव्हर उचलला.

"हो गुरुजी. मनोहर बोलतोय. हो. सांगितलं ताईनं." मग बराच वेळ तिकडचं ऐकत राहिले. गुरुजींचा आवाज मला रिसीव्हरबाहेर ऐकू येत होता. ते काही वाईट माणूस नव्हते, हळूहळू समजावून सांगत होते की मनोहरराव, ही एक औपचारिकता आहे, तुमच्या मुलीच्या भल्यासाठी आहे.

"हो, मुलीसाठीच," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसण्याचा प्रयत्न केला. मग डोळे मिटून घेतले. "गुरुजी, दिगंबर आमचा..."

तिथेच थांबले. कपाळावर घाम आला होता. डावा हात डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला, वरून कुणी काही ओततंय आणि ते अडवायचंय असा.

"दिगंबर..." ते पुन्हा म्हणाले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं असतं. माझ्यासाठी त्यांनी ते नक्की केलं असतं, आणि पुढे सगळा जन्म ते घेऊन फाटकापर्यंत येरझाऱ्या घातल्या असत्या. मी त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"गुरुजी, मी सुनीती. आम्हाला सुतक आहे. उद्या येऊ नका."

मी फोन ठेवला. बाबा माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "तुला कुणी विचारलं होतं? तुला काय अधिकार आहे मधे बोलायचा?"

"पुतणी आहे मी. मलाही दहा दिवस आहे."

"अगं, तुझं लग्न!"

"कळतंय मला," मी म्हणाले. "मुश्ताकभाईंचं दुकान साडेसातला बंद होतं. तुम्ही कपडे भरा."

आई भिंतीला टेकून रडायला लागली. मला वाटलं आता आत्या तोंड सोडणार. दिवसभर माझ्या लग्नासाठी तीच झगडली होती. पण तिनं झारा ओट्यावर ठेवला, गॅस बंद केला, आणि बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात एकटीच पाय दुमडून बसली. आईनं पाण्याचा पेला पुढे केला तर तिनं हात मागे घेतला.

"मला शिवू नकोस," ती म्हणाली. "माझा भाऊ गेलाय." आणि मग ती जी रडली ती बत्तीस वर्षांचं रडली.

निरंजनला मी टॅक्सीत बसायच्या आधी फोन केला. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. "पण तुमचे गुरुजीच म्हणाले ना, सुतक नाही म्हणून?"

"ते म्हणाले."

"मग?"

"आम्हाला आहे."

"सुनीती, तू त्या काकांना कधी पाहिलंयस तरी का?"

"नाही."

"मग मला खरंच कळत नाही तुझं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. त्याच्या वडिलांनी तीन दिवसांनी कळवलं की असल्या घरी आता संबंध नको. मोडलं. मी पुष्कळ रडले. बँकेत जायची लाज वाटायची, वाटलेल्या पत्रिकांची लाज वाटायची. निरंजन काही वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. पुढे माझं लग्न झालं नाही, आणि त्याला तेवढंच एक कारण होतं असंही नाही.

विमानात बाबा पहिल्यांदाच बसत होते, मीही. त्यांना खिडकी मिळाली. त्यांनी पट्टा आवळून घेतला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. काल दिवसभर एका जागी न ठरलेला माणूस आता हलत नव्हता. मीच चुळबुळत होते. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. खाली ढग होते, मग शेतं, मग पुन्हा ढग. ते खिडकीला कपाळ लावून बघत राहिले. एरवी साध्या एसटीतसुद्धा ही कुठली नदी, तो कुठला डोंगर हे सांगून शेजाऱ्याला हैराण करणारे बाबा अख्ख्या प्रवासात चकार शब्द बोलले नाहीत.

मला जरा डोळा लागला असेल. जागी झाले ती कानाला दडे बसल्यामुळे. विमान खाली येत होतं. खिडकीतून एक प्रचंड नदी दिसत होती, वाळूची बेटंच बेटं, आणि पलीकडे हिरवे डोंगर.

"पोचलो, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग खिडकीतून खाली, मग पुन्हा घड्याळ. खालची घरं मोठी होत होती. छपरं दिसायला लागली, रस्त्यावरच्या मोटारी दिसायला लागल्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"अजून थोडं लांब असायला हवं होतं गं, सुनू," ते म्हणाले.